आमची वाटचाल : बुक्क्याच्या घरातून रोजच्या परफ्युमकडे

पंढरपुरात बुक्का, अष्टगंध आणि उदबत्ती तयार करणारी आमच्या घरातील मी तिसरी पिढी. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री या चार वाऱ्यांवर आमचे वर्षाचे गणित उभे असे, आणि त्यातही आषाढीच्या पंधरवड्यात जे विकले जाई त्यावर पुढचे चार-पाच महिने निघत. बुक्क्यासाठी लागणारा नागरमोथा, कचोरा आणि वाळा यांची पोती माजघरात रचलेली असत. शाळेतून आल्यावर नागरमोथ्याच्या गाठी खलबत्त्यात जाडसर कुटून देणे हे माझे ठरलेले काम होते. त्या कुटण्यातून उठणारा मातकट, ओल्या लाकडासारखा वास दुसऱ्या दिवसापर्यंत हाताला राहत असे. आज आम्ही पेरू आणि नागरमोथा यांच्यावर बेतलेला जो परफ्युम विकतो, त्याचा पाया तोच वास आहे.

सोलापुरात रसायनशास्त्राची पदवी घेतल्यानंतर मी मुंबईत साबण आणि उदबत्तीसाठी सुगंधी मिश्रणे बनवणाऱ्या एका कारखान्यात सहा वर्षे नोकरी केली. काचेच्या नळ्या धुण्यापासून सुरुवात करून शेवटी मी तराजूसमोर बसू लागलो. एका मिश्रणात तीस-चाळीस घटक ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजून घालायचे असतात आणि एखादा थेंब जास्त पडला तर सगळे टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची असते, ही शिस्त मी तेथे शिकलो. गावी परतून स्वतःचे काही करावे हा विचार मनात होता, परंतु धाडस होत नव्हते.

ते धाडस परिस्थितीने करायला लावले. २०२० साली पायी वारी झाली नाही; संतांच्या पादुका एसटीने पंढरपुरात आल्या आणि १ जुलैची आषाढी एकादशी वारकऱ्यांविना पार पडली. आमच्या दुकानात त्या वर्षीचा तयार बुक्का पोत्यांत तसाच राहिला. वडिलांना आम्ही अप्पा म्हणतो. त्यांनी आयुष्यात प्रथमच आषाढीच्या दिवशी दुकानाची फळी उघडली नाही. मीही तेव्हा गावीच अडकलो होतो. यात्रेवर अवलंबून नसलेले, वर्षभर चालणारे एखादे उत्पादन घरात असलेच पाहिजे, हे त्या चार महिन्यांत आम्हा दोघांना वेगवेगळे न बोलताही पटले.

परफ्युम करायचा हे ठरले, पण कोणासाठी, हा प्रश्न मोठा होता. आमच्या भागातील दुकानांत एकीकडे दीडशे-दोनशे रुपयांचे वायूच्या डब्यातील डिओडरंट होते आणि दुसरीकडे लग्नकार्यातच बाहेर निघणाऱ्या महागड्या बाटल्या होत्या. मधल्या जागेत बहुतेक माल परदेशी नामांकित सुगंधांच्या नकलांचा होता. मला नक्कल करायची नव्हती. सकाळी आठला घर सोडून संध्याकाळी सातला परतणाऱ्या माणसाला रोज लावता येईल, खिशाला झेपेल आणि शेजारी बसलेल्याला त्रास होणार नाही, असा सुगंध हवा होता. पहिला नमुना मी ओळखीच्या एका एसटी वाहक ताईंना दिला. चार दिवसांनी त्या म्हणाल्या, "दादा, वास चांगलाय, पण गाडी भरली की दुपारी डोकं धरतं." त्या एका वाक्यावर मी ते पूर्ण मिश्रण बाजूला ठेवले. आमच्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो. थंड खोलीत कागदाच्या पट्टीवर छान वाटणारा गोडवा तापलेल्या अंगावर चिकट आणि उग्र होतो, हे मला मुंबईच्या नोकरीत कोणी सांगितले नव्हते.

पेरू निवडण्यामागे आठवण होती, तसेच कारणही होते. पेरूचा वास गोड असला तरी त्यात हिरवेपणा आणि किंचित तुरटपणा असतो, म्हणून तो उष्म्यात जड होत नाही. मात्र संत्र्या-लिंबाच्या सालीतून जसे तेल निघते तसे पेरूच्या गरातून सुगंधी तेल काढता येत नाही. आंबा, सफरचंद, पीच यांचेही तेच आहे. फळाचा वास रेणू जोडून उभा करावा लागतो. रसाळ गोडव्यासाठी हेक्झिल अ‍ॅसिटेट, नुकत्याच तोडलेल्या देठाच्या हिरवेपणासाठी सिस-३-हेक्सेनॉल आणि गराच्या मऊपणासाठी गॅमा-डेकालॅक्टोन, इथपर्यंत मी तीन महिन्यांत पोहोचलो, तरी पट्टीवर येत होता तो फळांच्या गोळीचा वास, पेरूचा नव्हे. उणीव होती ती एका गंधकयुक्त घटकाची. पिकलेल्या पेरूत तो निसर्गतःच अतिसूक्ष्म प्रमाणात असतो. शुद्ध स्वरूपात तो इतका तीव्र असतो की थोडासा जास्त झाला तर मांजराच्या मुताची आठवण यावी. तो हजार पटींनी पातळ करून, त्या द्रावणाचे दोन थेंब शंभर ग्रॅम मिश्रणात घातले आणि पट्टी आईच्या हाती दिली. तिने ती नाकाशी धरून फक्त एवढेच विचारले, "धान्याच्या कणगीत पेरू कोणी ठेवलेत?" लहानपणी हिवाळ्यात आमच्याकडे पेरू कणगीतच पिकवत असत. त्या दिवशी मी मिश्रणाच्या वहीत तो क्रमांक लाल शाईने लिहिला. तो सत्तेचाळिसावा होता.

फळाचे बहुतेक रेणू हलके असल्यामुळे ते तासा-दीड तासात उडून जातात, म्हणून त्यांच्याखाली लाकडाचा जड आधार लागतो. खरे चंदनाचे तेल आमच्या किमतीत बसणे शक्यच नव्हते. त्याऐवजी आम्ही प्रयोगशाळेत तयार होणारा चंदनगंधी रेणू वापरतो आणि ग्राहकांना ते स्पष्टपणे सांगतो. लेबलवर चंदनाच्या खोडाचे चित्र छापण्याचा सल्ला अनेकांनी दिला, तो आम्ही मानला नाही. नागरमोथ्याचे तेल मात्र खरे आहे. पहिल्या प्रयत्नात मी घरच्या अभिमानापोटी ते सढळ हाताने घातले, आणि अप्पांच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्याजवळ तांबूस डाग पडला, कारण हे तेल मुळातच गडद रंगाचे असते. ज्या गावात निम्मे लोक पांढऱ्या कपड्यांत वावरतात, तेथे असा परफ्युम चालणार नाही, हे उघड होते. तेलाचे प्रमाण तिसऱ्या हिश्शावर आणून उरलेली जागा देवदाराच्या तेलाने भरली. अप्पांनी नवा नमुना हुंगून मान डोलावली आणि म्हणाले, "उग्र वास देवालाही चालत नाही, माणसाला कसा चालेल?"

परवान्यांचे काम वेळखाऊ होते, पण ते टाळून व्यवसाय करायचा नाही, हे पहिल्यापासून ठरले होते. परफ्युम हे कायद्याने सौंदर्यप्रसाधन असल्याने अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो, आणि अल्कोहोलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियम पाळावे लागतात. भांडवलाचा काही भाग मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटातील कर्जातून उभा राहिला.

पहिल्या तीनशे बाटल्यांनी आम्हाला दोनदा धडा दिला. खर्च वाचवण्यासाठी मी अल्कोहोलमध्ये पाणी थोडे अधिक घातले होते, आणि थंडी पडताच बाटल्यांतील द्रव दुधाळ दिसू लागला; तेल पाण्याला धरून राहत नाही, ही शाळेतली गोष्ट मीच विसरलो होतो. आता तयार द्रव आम्ही अंधाऱ्या खोलीत चार आठवडे मुरू देतो, नंतर तो चार-पाच अंशांपर्यंत थंड करून गाळतो आणि मगच भरतो. दुसरी अडचण पंपांची झाली. एका पुरवठादाराने दिलेले फवारे बाटलीच्या गळ्यावर घट्ट बसत नव्हते, आणि उन्हाळ्यात कुरिअरने गेलेल्या काही बाटल्या ग्राहकांच्या हाती पाऊण भरलेल्या पोहोचल्या. तक्रार आलेली प्रत्येक बाटली आम्ही बदलून दिली. तेव्हापासून गळा दाबून बसवलेली प्रत्येक बाटली चोवीस तास कागदावर आडवी ठेवली जाते. कागदावर ओल उमटली तर ती बाटली विक्रीला जात नाही. हे काम माझी पत्नी पाहते आणि तिच्या नजरेतून एकही बाटली सुटत नाही.

आमच्या ५० मिलिलिटरच्या बाटलीची किंमत ३४९ रुपये आहे. त्यातील सुमारे ५३ रुपये जीएसटीचे असतात आणि दुकानदाराचा वाटा वेगळा. उरलेल्या रकमेत मखमली खोके, जड टोपण आणि चकचकीत जाहिरात बसवायची असती, तर सुगंधी तेलाचे प्रमाण कमी करावे लागले असते. आम्ही ते १५ टक्क्यांवर कायम ठेवले आणि खोके साध्या तपकिरी पुठ्ठ्याचे केले. काही दुकानदारांनी ते पाहून माल परत केला, याचे वाईट वाटले, परंतु निर्णय बदलला नाही. कॉलेजातील मुलांसाठी १० मिलिलिटरची लहान बाटली ९९ रुपयांना ठेवली आहे, आणि आता सर्वाधिक मागणी तिलाच आहे.

प्रत्येक नव्या तुकडीतील नमुने आजही आम्ही आधी ठरलेल्या बावीस जणांना देतो. त्यांत वाहक आहेत, परिचारिका आहेत, शिक्षक आहेत आणि औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहणारी दोन मुले आहेत. सकाळी नऊ, दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा या वेळांना काय जाणवले, ते त्यांनी एका छापील कागदावर लिहायचे असते. त्या वाहक ताईंचा कागद मी सर्वांत आधी वाचतो. गेल्या तुकडीच्या वेळी दुपारी दोनच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते, "गाडी भरलेली. डोकं ठीक. शेजारच्या आजींनी नाव विचारलं." ती तुकडी दुसऱ्या दिवशी बाटल्यांत भरायला घेतली.