तुम्ही विचारलंत म्हणून: एका डोळ्याची बाहुली बारीक, पापणी उतरलेली

'एका बाजूची पापणी जराशी उतरलीय, त्याच डोळ्यातली बाहुली बारीक दिसते. लकवा तर नाही ना?' चेहऱ्याच्या लकव्यात डोळा नीट मिटत नाही. इथे मिटतो. ही जोडी हॉर्नर सिंड्रोमची असू शकते. झुरिकचे नेत्रवैद्य योहान फ्रीडरिश हॉर्नर यांनी 1869 मध्ये तिचं वर्णन केलं होतं.

पापणी फार तर एक-दोन मिलिमीटर उतरते. डोळा पुरता झाकला गेला आणि बाहुली मोठी असेल, तर दुखणं वेगळं आणि तेही तातडीचं. आपले डोळे गडद तपकिरी, त्यामुळे बाहुलीतला फरक चटकन कळत नाही. खोलीत अंधार करून हनुवटीखालून मंद टॉर्च तिरपा धरायला सांगा. निरोगी बाहुली लगेच मोठी होते, आजारी बाहुलीला पंधरा-वीस सेकंद लागतात. फरक उजेडापेक्षा अंधारात जास्त दिसतो. जुने फोटो मोठे करून पाहा. पापणी वर्षानुवर्षं तशीच असेल तर घाई कमी.

बिघाड बहुतेकदा डोळ्यात नसतोच. बाहुली मोठी करणारी आणि पापणी थोडी उचलून धरणारी नस मेंदूतून मणक्यात उतरते, छातीच्या वरच्या टोकाशी बाहेर पडून फुफ्फुसाच्या शेंड्यावरून जाते आणि मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या सोबतीने डोळ्याकडे चढते. म्हणून मेंदूतला पक्षाघाताचा झटका, फुफ्फुसाच्या शेंड्याची गाठ, मानेची शस्त्रक्रिया, धमनीचं अस्तर फाटणं, यांतलं काहीही कारण असू शकतं. घामावरून जागेचा अंदाज येतो: याच नसेतले चेहऱ्याच्या घामाचे बहुतेक धागे जबड्याच्या कोपऱ्याजवळ वेगळे होतात. त्याच्या वर बिघाड असेल तर घाम जवळपास नेहमीसारखाच येतो. मात्र एसीत बसून हे कळायचं नाही.

नुसता मेंदूचा एमआरआय काढून 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवणं, ही चूक आम्हाला सर्वांत जास्त खटकते. तपासणी डोक्यापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत हवी, मानेच्या धमन्यांसकट.

निदानासाठी 0.5 टक्के अ‍ॅप्राक्लोनिडीनचे थेंब दोन्ही डोळ्यांत घालतात. अर्ध्या ते एका तासात बारीक बाहुली मोठी होते, पापणीही उचलते. मात्र पहिल्या काही दिवसांत ही चाचणी फसू शकते, कारण नस तुटल्यावर बाहुलीचा स्नायू औषधाला संवेदनशील व्हायला वेळ लागतो. वर्षाच्या आतल्या बाळांना हे थेंब नकोत. त्यांना गुंगी येते, श्वास मंदावतो. बाळात नव्याने हे दिसलं तर न्यूरोब्लास्टोमा ही लहान मुलांतली कर्करोगाची गाठ शोधावी लागते.

लक्षणं नवी असून त्याच बाजूची मान, जबडा किंवा डोळ्यामागे दुखत असेल, तर थेंबांचीही वाट पाहू नका. फाटलेल्या धमनीतून गुठळी मेंदूत जाऊ शकते. चष्म्याच्या दुकानात नाही, त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्ट असलेल्या रुग्णालयात जा.