पाचव्या घरातलं शून्य

धाकटा भाऊ जहाजावर गेला तेव्हा घरी पैसे पाठवायचा अलॉटमेंट फॉर्म मीच भरून दिला. कंपनी सिंगापूरची, खातं आईचं, देवगडच्या शाखेतलं. फॉर्मवर रकाना होता: स्विफ्ट किंवा बिक कोड (परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा कोड), ८ किंवा ११ अक्षरं. आईच्या पासबुकावरचा कोड बोट ठेवून मोजला. बरोबर ११. दिला टाकून.

पंधरा दिवस झाले तरी पैशांचा पत्ता नाही. मृग तोंडावर आलेला, घर शाकारायला सांगितलेला गडी रोज गडग्यापाशी येऊन विचारून जायचा. मग कंपनीची मेल आली, हा कोड चालत नाही.

चालणार कसा? मी टाकला होता आयएफएससी. तोही ११ अक्षरीच, पण देशातल्या देशात चालणारा. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचव्या घरात हटकून शून्य, पुढची सहा शाखेची. स्विफ्टमध्येही आधी चार बँकेची, पण लगेच दोन देशाची (आपली ‘आयएन’), मग दोन ठिकाणाची आणि असलीच तर तीन शाखेची. पाचव्या घरात शून्य दिसलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

शाखेत गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आमच्याकडे तसलं काही नसतं.” बोलणं तिथेच संपलं. दुसऱ्या दिवशी आतले जुने साहेब भेटले. हसून म्हणाले, “आमच्या शाखेक खयचो स्विफ्ट? मुंबयचो घाल.” त्यांनी कागदावर लिहून दिलेल्या कोडात शेवटी ‘एक्सएक्सएक्स’. मला वाटलं, ती जागा मी भरायची आहे! पण ते तसंच लिहायचं, मुख्य कार्यालय म्हणून. खाते क्रमांक मात्र आईचाच, सुरुवातीच्या शून्यांसकट. आयबॅनचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकाचा, रकाना कोरा ठेवला, आपल्याकडे तो नसतोच.

या वेळी चार दिवसांत पैसे निघाले. मग मुंबईहून फोन, कशासाठी आलेत? कारणाचा कोड पी१३०१ सांगा, असं साहेबांनी आधीच पढवलं होतं. कुटुंबाच्या खर्चासाठी परदेशातल्या माणसाने पाठवलेले पैसे म्हणून. ५०० डॉलरमधले १८ मधल्या बँकेने वाटेत कापले, ते आईला अजून पटलेलं नाही.

शाकारणी राहिलीच. माजघरात सध्या दोन पराती आणि एक कळशी मांडलेली आहे.