अपग्रेड म्हणून आलेलं जुनं व्हर्जन

२९ मार्च २०२४, गुड फ्रायडेची सुट्टी. रात्री उशिरा टीममधल्या मुलीचा फोन आला. "दादा, एक्सझेडमध्ये बॅकडोअर सापडलंय. आपल्याकडे कुठलं व्हर्जन आहे?"

एक्सझेड म्हणजे फायली कॉम्प्रेस करणारं साधं टूल. जवळपास प्रत्येक लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमवर ते असतंच, कुणी मुद्दाम टाकत नाही. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ मध्ये कुणीतरी घातकी कोड, म्हणजे आत शिरायचा चोरदरवाजा (बॅकडोअर), लपवला होता, आणि काही लिनक्सवर तो थेट एसएसएच सर्व्हरच्या, म्हणजे दुरून लॉगिन करू देणाऱ्या प्रोग्रामच्या, आत पोचत होता. आमचे सगळे सर्व्हर आम्ही एसएसएचनेच सांभाळतो, त्यामुळे झोप उडाली.

प्रॉडक्शनचे, म्हणजे प्रत्यक्ष कामाचे सर्व्हर डेबियन १२ वर, म्हणजे डेबियन लिनक्सच्या तेव्हाच्या स्टेबल (स्थिर) आवृत्तीवर. टर्मिनलवर डीपीकेजीला (बसवलेल्या पॅकेजची नोंद ठेवणारं टूल) विचारलं, उत्तर आलं ५.४.१. जिवात जीव आला. पण चाचणीसाठी ठेवलेलं डेबियन सिडचं, म्हणजे सतत बदलणाऱ्या अस्थिर आवृत्तीचं मशीन रोज अपडेट होतं. तिथे ५.६.१ होतं! आधी फायरवॉलवर त्याचं एसएसएच बंद केलं, मग कन्सोलवरून डेबियनमध्ये पॅकेज बसवणाऱ्या ॲप्टच्या कमांड दिल्या: ॲप्ट अपडेट, ॲप्ट अपग्रेड.

उपाय होता जुन्या, स्वच्छ कोडकडे परत जाणं. पण ॲप्ट आपणहून मागे जात नाही, आधीपेक्षा मोठा नंबर दिसला तरच पॅकेज घेतो. म्हणून डेबियनच्या लोकांनी जुन्याच कोडला नंबर दिला होता '५.६.१+रिअली५.४.५'. ॲप्टच्या हिशेबी ते अपग्रेड होतं. डेव्हलपरांच्या मॅकवर ब्रूने (मॅकवर पॅकेज बसवणाऱ्या होमब्रूची कमांड) मात्र सरळ '५.६.१ -> ५.४.६' असं दाखवलं. मॅक त्या कोडचं लक्ष्य नव्हतेच, तरी होमब्रूने खबरदारी घेतली, आणि मला ते पटलं. सिडचं मशीन मी नंतर पुसून नव्याने उभं केलं. नुसतं पॅकेज बदलून माझं समाधान होईना.

हे पकडलं अँड्रेस फ्रॉइंडने. हा पोस्टग्रेसचा डेव्हलपर, म्हणजे ज्या डेटाबेसवर आमचं रोजचं काम चालतं त्याचाच. सिडवर एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून तो खोदत गेला. आणि पलीकडे लासे कोलिन, वर्षानुवर्षं एकट्याने, बिनपगारी एक्सझेड सांभाळणारा. 'जिया टॅन' नावाने वावरणाऱ्याने दोनेक वर्षं नेटाने काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग हा कोड घुसवला. मला सगळ्यात जास्त हेच लागलं.

सोमवारी ऑफिसात कुणीतरी म्हणालं, "ऑटो अपडेट बंदच करून टाका." मी ठाम नकार दिला. अपडेट बंद ठेवलेल्या सर्व्हरवर जुनी, सगळ्या जगाला माहीत असलेली भोकं तशीच राहतात. स्टेबलचे सिक्युरिटी अपडेट आपोआप येतात, येत राहतील. सिड आता आतल्या नेटवर्कपुरतं. आणि त्या मुलीने एक तक्ता करायला घेतलाय: आमचे सर्व्हर कुठल्या कुठल्या लायब्ररींवर, म्हणजे इतरांनी लिहिलेल्या तयार कोडवर, उभे आहेत, आणि त्यातली प्रत्येक किती माणसं सांभाळतात. दुसऱ्या रकान्यात 'एक' हा आकडा फार वेळा येतोय. त्यातल्या काहींना कंपनीकडून पैसे मिळावेत म्हणून मी मॅनेजरांच्या मागे लागलोय.