तुम्ही विचारलंत म्हणून: फिरायला निघताना फोटो ठेवायचे कशात आणि बघायचे कशावर?

ताडोबाच्या वाटेवर, तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, बारसे, पासपोर्ट फोटो आणि दिवाळीनंतर झाडीपट्टीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली, नाटकं, हा माझा धंदा. जंगलात निघालेले लोक कार्ड किंवा सेल घ्यायला थांबतात आणि निघता निघता एक प्रश्न हमखास टाकतात. पुण्या-मुंबईचे असले तर, "दादा, लॅपटॉप न नेता फोटो साठवायला आणि बघायला एखादं छोटं यंत्र सुचवाल का?" इकडचेच असले तर, "फोटो कायच्यात ठेवता जी तुमी?" प्रश्न एकच. पण काउंटरवर मागे झेरॉक्सवाले उभे असताना त्याचं उत्तर अर्धवटच दिलं जातं, म्हणून सावकाश लिहितो.

तुम्ही मागता तसं यंत्र एके काळी होतं. एप्सन कंपनीने २००४ साली पी-२००० नावाचं काढलं होतं. आत ४० जीबीची हार्ड डिस्क, वर ३.८ इंची स्क्रीन आणि कार्डासाठी स्लॉट. कार्ड घालायचं, बटन दाबायचं, फोटो आत. मग तिथेच बघत बसायचं. पुढे त्याचे थोरले भाऊ आले, कॅननचं आणि निकॉनचंही तसलं यंत्र निघालं. फोन हुशार झाले तसा त्यांचा बाजार उठला. २०१६ मध्ये वेस्टर्न डिजिटलने स्क्रीन काढून टाकलेली वायफायची डिस्क आणली, तिलाही कार्डाचा स्लॉट होता आणि फोटो फोनवरच्या ॲपमधून बघायचे. असली यंत्रं जुन्या मालात अजून मिळतात. विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो, घेऊ नका. बॅटरी म्हातारी झालेली असते, आणि ॲपवर चालणारी वस्तू कंपनीने ॲप सोडून दिलं की नुसती वजनाला उरते.

जुनी म्हणून नको, एवढंच कारण नाही. साठवणं आणि बघणं ही कामं मुळात वेगळी आहेत. साठवायच्या वस्तूला कोणाचा हात लागू नये, आणि बघायच्या वस्तूला दहा हात लागणारच. दोन्ही एकात कोंबली की एक बॅटरी बसली, एक स्क्रीन फुटली, एक चहाचा कप सांडला की सगळंच गेलं. म्हणून मी सगळ्यांना दोन वस्तू सांगतो: एक मुकी एसएसडी (चिपवर साठवणारी, खिशात मावणारी डिस्क), एक बोलका टॅबलेट. मधे दुवा म्हणून खिशातला फोन आहेच.

"क्लाउडवर टाकतो ना!" असं तरणी पोरं म्हणतात. टाका बाप्पा, पण कुठून? २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला सगळा कच्चा माल, पंचवीस-तीस एमबीची. वाघीण पिल्लं घेऊन पाणवठ्यावर आली की बोट शटरवरून उठत नाही; चारशे फोटो झाले की दहा-बारा जीबी संपले. गूगल फोटोजची फुकटची अमर्याद जागा १ जून २०२१ पासून बंद झाली, आता फुकटात १५ जीबी, आणि त्यातच तुमचे ईमेलही. म्हणजे एका सकाळीत भांडं भरलं. शिवाय टॉवर पाहिजे. भामरागडकडे उतरलात किंवा मेळघाटात सेमाडोहच्या पुढे गेलात तर व्हॉट्सॲपवर एक फोटो चढेना, तिथे बारा जीबी कुठून चढवता? क्लाउड घरी परतल्यावरचा. प्रवासात तो धरूच नका.

एसएसडीच का, साधी हार्ड डिस्क का नको? साध्या डिस्कच्या पोटात तबकडी फिरत असते. बंद असताना ती बरीच निब्बर असते, पण कॉपी चालू आहे आणि गाडी पांदण रस्त्याला लागली तर तिच्या जिवाला धोका. दुसरं, ती वीज जास्त मागते. पुष्कळ फोनना ती जोडली की कुरकुर आवाज येतो, तबकडी फिरायला जाते आणि परत थांबते. फोनच्या पोर्टमधून तेवढा करंट मिळत नाही. एसएसडीत हलणारं काही नाही. सॅमसंगची टी-७ फक्त ५८ ग्रॅमची आहे, शर्टाच्या खिशात विसरून जाल. १ टीबीत पंचवीस-तीस एमबीच्या तीस हजारांवर रॉ फाइल्स मावतात. एवढे फोटो एका सहलीत काढणारा मला अजून भेटायचा आहे. म्हणून २ टीबीची एक घेण्यापेक्षा १ टीबीच्या दोन घ्या. एक तुमच्या बॅगेत, दुसरी घरच्यांच्या. दोन्ही एकाच बॅगेत ठेवल्या तर दोन घेऊन उपयोग काय झाला?

घेतल्यावर घरीच फोनला जोडून बघा, ताडोबाच्या दाराशी मोहर्लीच्या रिसॉर्टवर पहिल्यांदा नको. फॉरमॅट म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडायची पद्धत. विंडोजवर एनटीएफएस फॉरमॅट केलेली डिस्क बऱ्याच अँड्रॉइड फोनना वाचता येत नाही. फॅट-३२ केली तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणजे लांब व्हिडिओ अडला. एक्सफॅट करून बघा, बहुतेकांचं तिथे जमतं. आयफोन असेल तर आयओएस १३ पासून फाइल्स ॲपमध्ये बाहेरची डिस्क दिसते. आयफोन १५ पासून टाइप-सी असल्यामुळे सरळ लागते, त्याआधीच्यांना वेगळा अडॅप्टर आणि बहुधा वरून वीजही लागते.

आता कॉपीचं. सगळा घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबतो.

ताडोबाच्या कोअरमध्ये (जंगलाच्या आतल्या गाभ्यात) सफारीला मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे आत असताना काही करायचंच नाही. सकाळची फेरी आटोपून बाहेर आलात की दुपारच्या फेरीपर्यंत मधे काही तास मिळतात. जेवण आणि झोप यांच्या आधी कॉपी. कार्ड कॅमेऱ्यातून काढलं की त्याच्या डाव्या कडेला नखाएवढी एक खिट्टी असते, ती खाली सरकवा. कार्ड लॉक झालं. आता बहुतेक कार्ड रीडरमधून त्यावर काही लिहिता येत नाही की पुसता येत नाही, फक्त वाचता येतं. मग एक हब घ्यायचा (एका पोर्टची अनेक तोंडं करणारा जोड), त्यात एका बाजूला रीडर, दुसऱ्या बाजूला एसएसडी, तिसऱ्या तोंडात चार्जर किंवा पॉवर बँक, आणि हबची शेपूट फोनला. वरून वीज देणारा हबच घ्या. नाहीतर कॉपी होईपर्यंत फोनच मान टाकतो.

एसएसडीवर त्या दिवसाच्या तारखेचं फोल्डर करून त्यात कॉपी करा. हे टापटिपीसाठी नाही. कॅमेऱ्याचे फोटो-क्रमांक ९९९९ ला संपतात आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. लांबच्या सहलीत एकाच नावाचे दोन फोटो होतात, आणि एकाच फोल्डरमध्ये टाकताना फोन विचारतो, "बदलू का?" थकलेला माणूस "हो" दाबतो. फोल्डर वेगळं असलं की तो प्रश्नच येत नाही.

कॉपी झाली असं स्क्रीन म्हणते. तेवढ्यावर विसंबू नका. दोन्हीकडच्या फाइल्सची संख्या आणि एकूण साइज जुळवा. मग शेवटचे काही फोटो उघडून बघा, कारण अर्धवट कॉपी शेवटाकडेच तुटते. इथे एक खोच आहे. रॉ फाइलच्या पोटात एक जेपीईजी (नेहमीचा, दाबून लहान केलेला फोटो) असतो आणि फोनवर बहुतेक वेळा तोच दिसतो. तो छान दिसला म्हणजे आतला खरा माल शाबूत आहे, असं होत नाही. म्हणून आधी साइज जुळवायला सांगितलं. मग तेच सगळं दुसऱ्या एसएसडीवर.

वेळ किती लागतो ते रीडरवर आहे. यूएसबी २ चा स्वस्त रीडर सेकंदाला तीस-पस्तीस एमबी ओढतो, भरलेल्या ६४ जीबी कार्डाला अर्धा तास. यूएसबी ३ चा असला आणि कार्डही चांगलं असलं तर बारा-पंधरा मिनिटं. दोन एसएसडी म्हणजे हे दोनदा. रीडरमध्ये काटकसर करणारे लोक लेन्सवर लाख लाख घालवतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. आणि कार्ड प्रवासात फॉरमॅट करूच नका. चार-पाच कार्डं जास्तीची ठेवा. भरलेलं कार्ड ही आपोआप तिसरी प्रत असते.

आता बघायचं. कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर सगळेच फोटो टकटकीत दिसतात. दहा इंची टॅबलेटवर मोठा करून बघितला की कळतं, वाघाच्या मिशा धूसर आहेत आणि समोरची गवताची काडी मात्र कोरल्यासारखी. फोकस गवताने पळवला. हे दुपारीच कळलं तर दुपारच्या फेरीला सुधारता येतं. घरी परतून कळलं तर नुसती हळहळ. प्रवासात टॅबलेट न्यायचा तो या कामासाठी.

दुसरं काम माणसांचं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. रात्री दंडार (आमचं लोकनाट्य) असते, नाहीतर वडसा या नाटकवाल्या गावच्या एखाद्या मंडळाचं नाटक, पहाटेपर्यंत. मी रात्रभर फोटो काढतो आणि सकाळी कोणाच्या तरी छपरीत चहा पिताना मागणी होतेच, "दाखवा ना जी." टॅबलेट हातोहात फिरतो. आजी ओल्या बोटाने फोटो सरकवते, नातू नेमका कचऱ्याच्या डब्याच्या चित्रावर बोट ठेवतो. एकदा दंडारीत बाईचं सोंग घेणारा गडी स्वतःचा फोटो भुवईपर्यंत मोठा करून कितीतरी वेळ बघत राहिला. मला वाटलं खूश झाला. तर म्हणाला, "काजर जास्त झाला ना जी." पुढच्या मंडईत त्याने खरंच कमी लावलं होतं.

असा टॅबलेट बिनधास्त फिरवता येतो, कारण त्यात मूळ माल नसतोच. कॅमेऱ्याला दोन कार्डं लागत असतील तर एकावर रॉ आणि दुसऱ्यावर छोटे जेपीईजी, असं लावून ठेवा. रॉ एसएसडीत जातात, जेपीईजी टॅबलेटमध्ये. एकच स्लॉट असेल तर रॉ अधिक जेपीईजी लावा आणि टॅबलेटमध्ये फक्त जेपीईजी उचला. यासाठी आयपॅड घ्यायची गरज नाही. घरात असेल तर न्या, नाहीतर दहा इंची, फुल एचडीच्या आसपासचा, मेमरी कार्ड आणि ओटीजी (पेनड्राइव्ह, रीडर जोडायची सोय) घेणारा साधा अँड्रॉइड टॅबलेट पुरतो. उन्हात कुठलाच दिसत नाही, सावली शोधावीच लागते.

ऊन म्हटलं की आमचं ऊन. वाघ बघायला लोक नेमके एप्रिल-मेमध्ये येतात, पाणवठे आटलेले असतात म्हणून, आणि चंद्रपूरचा पारा तेव्हा ४६-४७ ला टेकतो. नवतप्यात, मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, तर विचारूच नका. लिथियमच्या बॅटऱ्या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. ॲपल तर आयफोन ३५ अंशांपर्यंतच वापरा म्हणते. म्हणजे आमच्याकडे मे महिन्यात तो फोन सावलीतही नियमाबाहेर! गाडीच्या डॅशबोर्डवर फोन, पॉवर बँक काहीच ठेवू नका. कॉपी करतानाही एसएसडी आणि फोन दोन्ही तापतात, कव्हर काढा. कूलर असलेल्या खोलीत करा, पण त्याच्या थेट झोतात नको, ती हवा ओली असते. आणि लाइन (वीज) आहे तोवर उरकून घ्या. वादळ आलं की दुपारी गेलेली लाइन रात्री येते. २०,००० एमएएचची पॉवर बँक अशा वेळी सगळं सांभाळते.

ज्यांच्याकडे कॅमेराच नाही, फोनवरच फोटो काढतात, त्यांचं सोपं आहे. दोन तोंडांचा पेनड्राइव्ह घ्या, एक तोंड टाइप-सी, दुसरं साधं यूएसबी. रोज रात्री त्यावर कॉपी. मार्कंड्याला जा, लोणारला जा, तेवढं पुष्कळ झालं.

राहता राहिली केबल. एसएसडीसोबत येते ती जपा, आणि तिच्यासारखीच दुसरी घरूनच आणा. इकडच्या दुकानात टाइप-सी केबल म्हणून मागितली तर बहुतेक चार्जिंगची मिळते. काहींत डेटाच्या तारा नसतातच, आणि असल्या तरी यूएसबी २ च्या वेगाच्या. दिसायला हुबेहूब. माझ्याकडे चांगल्या असतात, पण वाटेत थांबणार असाल तर बघून या. मंगळवारी मी दुकान उघडत नाही. त्या दिवशी ताडोबाचा कोअरही बंद असतो.