जतचं काय?

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

काल १ नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सव. बेळगावच्या चन्नम्मा चौकात लाल-पिवळे झेंडे नि डीजे, आमच्या म्हणजे मराठी माणसांच्या बाजूला काळे कपडे आणि दंडाला फिती. १९५६ ला बेळगाव आजच्या कर्नाटकात घातलं, तेव्हापासून एकाच गावात, एकाच तारखेला सण आणि सुतक. यात नवं काही नाही. लिहायचंय ते रात्री घरच्या ग्रुपवर जे झालं त्यावर.

ठाण्याच्या आत्तेभावाने काळ्या चौकटीतलं चित्र टाकलं, ‘सीमाबांधवांनो, आम्ही तुमच्यासोबत आहोत.’ खाली सगळ्यांचे जोडलेले हात. चांगलं आहे, आठवण ठेवतात. पण मला त्याचाच जुलैतला मेसेज आठवला. वर सरकवत सरकवत शोधून काढला (निवृत्त मास्तरणीला वेळच वेळ). मीरा रोडला एका दुकानदाराला मराठीवरून कार्यकर्त्यांनी थोबाडीत मारल्या, तो व्हिडिओ, आणि त्यावर याचं ‘असंच पाहिजे!’ मी दोन्ही मेसेज एकाखाली एक लावले आणि विचारलं, उद्या इथे मला कुणी ‘कन्नड बोल’ म्हणून मारलं, तर तेही असंच पाहिजे का?

ग्रुप तापला. ‘तुलना होऊच शकत नाही, महाराष्ट्र आपला आहे.’ हेच उत्तर इथल्या कन्नड संघटनाही देतात, शब्दशः हेच. कर्नाटक आमचं आहे, इथे राहायचं तर कन्नड बोला.

मला कन्नड येतं. भाजीला, बँकेत, शेजारच्या अक्कांशी मी कन्नडच बोलते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही. माझं भांडण सरकारशी आहे. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथे सरकारी सूचना, नियम त्यांच्या भाषेतही द्यावेत, हे देशपातळीवर ठरलेलं आहे. त्यासाठी घटनेत ३५० ब कलमाखाली स्वतंत्र आयुक्त आहे. तरी माझ्या शेताचा उतारा मला शेजारच्या पोराकडून वाचून घ्यावा लागतो, कारण बोलता येणं वेगळं आणि सरकारी कन्नड वाचणं वेगळं. हे मागणं हक्काचं आहे आणि मरेपर्यंत मागणार. महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदीचे जीआर काढले आणि जूनअखेर मागे घेतले, तेव्हाही मला बरंच वाटलं. तीही सरकारशीच लढाई होती. पण गल्ल्यावर बसलेला माणूस म्हणजे सरकार नव्हे. बसचा कंडक्टरही नव्हे.

फेब्रुवारीत बाळेकुंद्रीजवळ तिकीट देताना भाषेवरून वाद झाला आणि कंडक्टरला मारहाण झाली. नक्की काय घडलं ते दोन्हीकडचे वेगवेगळं सांगतात. पुढचं मात्र सगळ्यांनी पाहिलं. चित्रदुर्गजवळ महाराष्ट्राच्या एसटीच्या चालकाला काळं फासलं, पुण्यात कर्नाटकच्या बसांना फासलं, आणि दोन्हीकडच्या बसा बंद. हे सगळं २१ फेब्रुवारीच्या, म्हणजे मातृभाषा दिनाच्या आसपास! हाल कुणाचे झाले? चंदगडची माणसं दवाखान्याला बेळगावला येतात, त्यांची रताळी इथल्या एपीएमसीत उतरतात. निपाणीच्या माणसाचं अर्धं काम कोल्हापुरात. काळं फासणाऱ्यांपैकी कुणाला या बसने जायचं नव्हतं.

लांबच्या माणसाला आम्ही चित्रात लागतो, एवढंच. मे महिन्यात ऑपरेशन सिंदूर चालू होतं, तेव्हा कर्नल सोफिया कुरेशींच्या सासरच्या घरावर हल्ला झाल्याची बातमी फिरली. सासर आपल्याच जिल्ह्यात, गोकाक तालुक्यात, कोन्नूरला. पोलिसांनी सांगितलं, साफ खोटं आहे. ग्रुपवर ती बातमी तावातावाने आली होती. आम्ही इथे तास-दीड तासाच्या अंतरावर, पण ‘काय गं, खरं का?’ असा एक फोन कुणाचा नाही.

जेवताना भाचा आला होता. उद्यमबागला कास्टिंगच्या कारखान्यात आहे. अमेरिकेने २०२५ च्या ऑगस्टपासून ५० टक्के शुल्क लावलं होतं, तिकडच्या ऑर्डरी पातळ झाल्या होत्या, ओव्हरटाइम बंद. त्याला ट्रम्पची काळजी, मला जतची (महाराष्ट्रातला तालुका, सांगली जिल्ह्यात). म्हणाला, ‘आत्ती, जत कुठनं आलं मधेच?’

जत आलं ते असं. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं, त्यात निपाणी, खानापूर, नंदगड. आणि २४७ गावं कर्नाटकाला, त्यात अक्कलकोट. बेळगाव शहर दिलं नाही म्हणून आपण तो अहवाल फेटाळला, तेही समजू शकतं. पण पलीकडेही आपल्यासारखीच माणसं अडकलीत, हे त्याच कागदावर लिहिलेलं आहे. जत, अक्कलकोटला कन्नड शाळा आहेत. गेल्या वर्षी जत तालुक्यातल्या कन्नड शाळांवर मराठी माध्यमाचे शिक्षक नेमल्याची तक्रार झाली. मी मराठी शाळेत आयुष्य काढलं. मराठी न येणारा मास्तर आमच्या वर्गावर आला असता तर आम्ही काय केलं असतं? मोर्चा. मग जतच्या पोरांसाठी आमच्यातलं कोण बोललं?

बाहेर बघितलं तर हेच दुखणं कुठवर जातं ते दिसतं. आपल्याकडे प्रांतरचना झाली त्याच १९५६ साली श्रीलंकेने सिंहली एकटी राजभाषा केली. तमिळांची ती जखम चिघळत गेली आणि १९८३ पासून २००९ पर्यंत युद्ध चाललं. रशियाने २०२२ मध्ये युक्रेनवर सैन्य घातलं तेव्हाही डोनबासच्या रशियन बोलणाऱ्यांचं रक्षण हेच कारण पुढे केलं. त्या बोलणाऱ्यांची शहरंच आधी जमीनदोस्त झाली. कुणी ‘तुमच्या रक्षणाला आलो’ म्हटलं की मी दाराला कडी घालून मगच ऐकते.

इथे तसं काही झालं नाही, होणारही नाही. हुतात्मे झाले, १९५६ ला आणि १९८६ ला, ते विसरता येत नाहीत. पण महाराष्ट्राचा सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे, २००४ पासून. तारखा पडतात. पडोत. निकाल काहीही लागला तरी कुणीतरी अल्पसंख्याक उरणारच, कदाचित शेजारच्या अक्काच, आणि त्यांचा उतारा तेव्हा कुठल्या भाषेत असेल हे आजच ठरवून ठेवायला हवं.

भाचा म्हणाला, ‘असं बोलून बेळगाव मिळणार होय?’ मी म्हटलं, गप्प राहून मिळालंय का? तो हसला, आमटी वाढून घेतली, परत टॅरिफवर गेला.

डिसेंबरात सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागेल, महाराष्ट्र एकीकरण समितीच्या आपल्या महामेळाव्याच्या परवानगीची दरवर्षीची ओढाताण होईल. यंदा ठरावांच्या यादीत एक जास्तीचा घाला म्हणून सांगणार आहे, जत-अक्कलकोटच्या कन्नड शाळांना कन्नड शिकवणारे मास्तर द्या, महाराष्ट्र सरकारने द्या. हसतील. एखादा ‘कन्नडवाल्यांची एजंट’ही म्हणेल. म्हणू दे, त्याची पोरं बहुतेक माझ्याच वर्गात शिकलेली असणार.