काकूंचे मांडे गूगलला दिसेनात

बेळगावच्या शहापुरातल्या त्या घरी पोचलो तेव्हा काकू पालथ्या कढईपुढे बसल्या होत्या. हातावरची मैद्याची पोळी बघता बघता कोपरापर्यंत पसरली, कढईवर पडली, वर पिठीसाखर पडली आणि गरम असतानाच तिची घडी झाली. हे काम मध्ये थांबवता येत नाही, म्हणून मी लॅपटॉप उघडून बाजूला बसलो.

काकूंच्या मांड्यांच्या वेबसाइटला दोन वर्षं झाली होती. ओळखीपाळखीतून ऑर्डरी येत, पण गूगलवर ‘बेळगावी मांडे’ टाकलं की काकूंचं पान कुठेच नाही. आधी एकानं पहिल्या नंबरावर आणतो म्हणून पैसे घेतले होते. त्यानं केलेलं काम मी उघडून पाहिलं: कीवर्ड टॅगमध्ये, म्हणजे पानामागच्या, वाचकाला न दिसणाऱ्या शब्दयादीत, पन्नासेक शब्द कोंबलेले. क्रमवारीसाठी हा टॅग वापरत नाही, हे गूगलनं २००९ सालीच जाहीर केलंय. मला खरंच राग आला. ते पैसे कढईसमोर बसून मिळवलेले होते.

आपण काही शोधतो तेव्हा गूगल त्या क्षणी जगभर फिरत नाही. त्याचा प्रोग्राम आधीच लिंक धरून पानोपान हिंडलेला असतो, वाचलेले शब्द त्यानं सूचीत नोंदवलेले असतात आणि उत्तर त्या सूचीतून येतं. म्हणून आधी पाहिलं, दार बंद आहे का? गूगलच्या प्रोग्रामला कुठे मनाई आहे ते सांगणारी रोबोट्स फाइल ठीक. हे पान सूचीत घेऊ नको असं सांगणारी ‘नोइंडेक्स’ खूण कुठे नाही. सर्च कन्सोलवर, म्हणजे साइटच्या मालकाला गूगलकडची नोंद दिसते तिथे, तर पान सूचीत आहे असंच दिसत होतं. मग अडलं कुठे?

“काय करूलास रे? सापडलं काय?” काकूंनी विचारलं. काकूंचाच मजकूर त्यांना व्हॉट्सअॅपवर पाठवून वाचायला द्यावा, म्हणून मी पहिली ओळ कॉपी करून चिकटवली. स्क्रीनवर आली इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हं. मराठीचं एक अक्षर नाही.

मजकूर लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून टाइप करून घेतलेला होता, छपाईच्या जुन्या डीटीपी फाँटमध्ये. त्या फाँटात इंग्रजी अक्षराच्याच जागेवर मराठी आकार बसवलेला असतो. साइटवर तो फाँट जोडलेला, म्हणून डोळ्यांना ‘मांडे’ दिसायचं. गूगल मात्र आकार बघत नाही, अक्षराचा क्रमांक वाचतं. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना वेगवेगळे क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘म’चा स्वतःचा क्रमांक आहे, २३५०. बेळगावच्या ‘ळ’चा २३५५. काकूंच्या अख्ख्या पानावर यातला एकही क्रमांक नव्हता. दोन वर्षं ते पान सूचीत होतं, पण मराठी म्हणून नव्हतंच.

जुन्या फाँटाचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरनं मजकूर बदलला, पण त्यावर विसंबून चालत नाही. जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं नेमकं उलट. त्यामुळे ‘ऑर्डर’मधला रफार भलत्याच अक्षरावर गेला होता. मी मोठ्यानं वाचत गेलो, काकू चुका सांगत गेल्या. मध्येच थांबवून म्हणाल्या, “‘दर्जेदार मिष्टान्न’ कोण म्हणतंय? मांडे म्हण की.” त्यांचं बरोबर होतं. लोक शोधतात ते त्यांच्या बोलण्यातल्या शब्दांनी.

मग पानाचं शीर्षकच बदललं: ‘बेळगावी मांडे, घरगुती, शहापूर’. शहराचं सरकारी नाव २०१४ पासून बेळगावी असलं तरी आपली माणसं बेळगावच टाइप करतात, म्हणून मजकुरात दोन्ही नावं घेतली, जिथे वाक्यात सहज बसली तिथेच. दरपत्रकाचा तर फोटोच लावलेला होता. ते अक्षरांत टाइप केलं. फोटोंना वर्णनं दिली. शेवटी सर्च कन्सोलमधून पान पुन्हा तपासायची विनंती पाठवली. किती दिवस लागतील, कितव्या नंबरावर येईल, हे कुणाच्याच हातात नसतं आणि तसं मी काकूंना स्पष्ट सांगितलं.

तिसऱ्या आठवड्यात काकूंचा फोन आला. ठाण्याहून एका बाईंनी मुलीच्या लग्नासाठी मांडे मागवले होते, ओळख ना पाळख. काकूंनी त्यांना विचारूनही घेतलं होतं, काय टाइप केलंत म्हणून. “‘रुखवताचे मांडे’ म्हणून शोधलं म्हणे त्यांनी,” काकू म्हणाल्या. “आपल्या पानावर रुखवत आहे काय रे कुठं?”

नव्हतं. त्याच रात्री घातलं.