स्विफ्ट झेडएक्सआय २०१३: पहिले साडेआठ हजार किलोमीटर

३८,२१० किमी. रत्नागिरी, जानेवारी २०२५

चार महिने गाडी शोधत होतो. अट एकच, एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) हवेतच. २०१३ च्या पेट्रोल स्विफ्टमध्ये ही दोन्ही हवी असतील तर झेडएक्सआयच, म्हणजे सगळ्यात वरचं मॉडेल बघावं लागतं, आणि जुन्या बाजारात समोर येतात त्या बहुतेक त्याखालच्या व्हीएक्सआय. अनेकांनी सांगितलं, एवढं काय घेऊन बसलायस, व्हीएक्सआय घे, तीस-चाळीस हजार वाचतील. पण २०१४ साली गाड्यांच्या अपघात-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेली स्विफ्ट आपटून पाहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले होते. पोरीला शाळेत सोडायची गाडी घेताना मला हे विसरता येईना.

या गाडीआधी अकरा गाड्या पाहिल्या. त्यातल्या एकीच्या मीटरवर ५२ हजार होते, पण क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत झालेलं. सर्व्हिसची नोंद काढली तर तीन वर्षांपूर्वीच ९६ हजार झालेले. तेव्हापासून मीटरच्या आधी मी पेडल, स्टिअरिंगची कड आणि चालकाच्या सीटची बाजू बघतो.

ही गाडी एका निवृत्त सरांची. पहिलेच मालक, सगळ्या पावत्या एका फाइलमध्ये लावलेल्या. आदल्या रात्री फोनवर विनंती केली होती, "सर, मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका." गार इंजिन पहिल्यांदा सुरू होतं तेव्हाचा आवाज मला ऐकायचा होता. या १.२ लिटरच्या के-सिरीज इंजिनात व्हॉल्व्हची उघडझाप जुळवायला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे. चेन किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर सैल पडला असेल तर गार असताना सुरुवातीलाच खडखड येते. इथे काही आवाज नव्हता. मग ऑइलचं झाकण उघडलं, तर आतून पांढरट साय जमलेली. क्षणभर पोटात गोळा आला, कारण हेड गॅस्केट (इंजिनातलं ऑइल आणि कूलंट वेगळं ठेवणारं सील) गेल्यावरही असंच दिसतं. डिपस्टिकवरचं ऑइल मात्र स्वच्छ होतं, कूलंटची पातळी बरोबर होती आणि त्यात तेलाचा थेंबही नव्हता. सरांना विचारलं, रोज किती चालते? "बाजारात जाऊन यायचं, दीड किलोमीटर जाणं, दीड येणं."

सायीचं कारण तिथेच कळलं. एवढ्याशा अंतरात इंजिन पुरतं तापत नाही, आत धरलेलं पाणी वाफ होऊन निघून जात नाही. तेच पाणी सायलेन्सरमध्येही साचतं आणि तो आतून गंजतो. कमी चाललेली गाडी म्हटलं की आपण डोळे मिटून हो म्हणतो. या गाडीच्या बाबतीत मी ठरवलं की ३८ हजार हा आकडा बाजूला ठेवायचा आणि अकरा वर्षं जुनी गाडी म्हणूनच तिच्याकडे बघायचं.

टायर बघितले तर ते नेमकं डोळ्यांसमोर आलं. नक्षी भरपूर, कोणीही "अजून वीस हजार जातील" म्हणेल. बाजूवरच्या चार आकड्यांत मात्र ३११३ होतं, म्हणजे २०१३ सालचा एकतिसावा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर, आणि बाजूच्या रबरात बारीक चिरा. कोल्हापूरला जायला पुढे आंबा घाट होता. सौदा २,७०,००० ला ठरला आणि मी गाडी तशीच टायरच्या दुकानात नेली. १८५/६५ आर १५ चे चार टायर, अलाइनमेंट-बॅलन्सिंगसह २१,६००. सरांना वाईट वाटलं असावं, पण ते काही बोलले नाहीत.

कागद थोडक्यात सांगतो. गाडीवर कर्जाचा बोजा नव्हता, ई-चलान बाकी नव्हतं, चॅसी नंबर आरसीशी जुळवला. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तिथेच घेतल्या. विमा चौदा दिवसांच्या आत नावावर करून घेतला. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्यात मिळणारी सूट, मात्र गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाकडेच राहतो, हे हिशेबात धरा. नोंदणी २०२८ पर्यंत आहे, मग फिटनेस तपासणी करून पाच वर्षं वाढवता येईल. नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट नंतर बसवली.

३८,३४६ किमी. कोल्हापूर

हातखंबा, पाली, साखरपा, घाट, मलकापूर. चढाला क्लच कुठेही घसरला नाही. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी इतकी छान ओढत होती की आंब्याला चहाला थांबल्यावर मी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या.

दुसऱ्या दिवशी ती मिस्त्रींच्या लिफ्टवर चढली. कोकणातल्या हवेचा आणि पावसाचा हिशेब खालून दिसला. मागच्या अॅक्सलवर वरवरचा गंज होता आणि सायलेन्सरचा मागचा डबा स्क्रूड्रायव्हर टोचताच भोक पडेल इतका गेलेला. मिस्त्री म्हणाले, "पत्रा चांगला हाय मालक, वरचाच गंज हाय. आत्ता घासून घेतला तर काय हुत न्हाई." घासून, प्रायमर लावून, अंडरकोटिंग केलं. सायलेन्सरचा डबा बदलला.

मग ब्रेक ऑइल काढलं. चहासारखं काळपट. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं. उतारावर ब्रेक तापले की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. सरांच्या पावत्यांत इंजिन ऑइल दरवर्षी होतं, ब्रेक ऑइल एकदाही नव्हतं. येताना घाट चढायचा होता म्हणून निभावलं. ब्रेक ऑइल, कूलंट, गिअर ऑइल, इंजिन ऑइल, सगळे फिल्टर, फॅन बेल्ट आणि सायलेन्सर धरून १४,८०० झाले.

४१,९०० किमी. मे

बॅटरी एका सकाळी बसली, नवी ४,६००. खड्ड्यात डाव्या बाजूने टकटक येत होती. आधी शॉकअपवर संशय होता, निघाले सस्पेन्शनचे लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं). रबर वाळून तडकलेलं. एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की केबिन थरथरायची, ते इंजिनाचं एक माउंटिंग (इंजिन ज्यावर टेकतं ते रबर) बसल्यामुळे. हे सगळं एकदमच केलं, ९,२००. परत येताना रंकाळ्याजवळच्या त्याच खडबडीत रस्त्याने मुद्दाम गाडी घातली. आवाज नाही. किती समाधान वाटतं हे ज्यांनी स्वतः टकटक शोधलीय त्यांनाच समजेल.

४६,७१० किमी. नोव्हेंबर

अॅव्हरेज टाकी फुल करून, पुन्हा त्याच पंपावर फुल करून मोजतो. गावात लिटरला १३.८ किमी, पुणे-कोल्हापूर ८० ते ९० च्या वेगात एसीसह १७.६. कंपनीचा तेव्हाचा आकडा १८.६ होता, त्यामुळे माझी तक्रार नाही. ऑइलच्या झाकणाखालची साय महिन्याभराच्या लांब फेऱ्यांत गेली, परत आली नाही. आता पंधरा दिवसांतून एकदा तरी गाडी तासभर सलग पळवतो.

दुरुस्तीला एकूण ५०,२०० लागले. सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, अॅलॉयचं पॉलिश यातलं काहीही अजून केलेलं नाही. त्याआधी कूलंटचे दोन्ही होज (रबरी पाइप) आहेत, दाबल्यावर कडक लागतायत. ते याच महिन्यात बदलायचेत. त्याच दिवशी मागच्या ब्रेकचे ड्रम उघडून व्हील सिलिंडरची रबरं बघायचीत, कारण डिसेंबरात सरांकडे जायचंय, आणि या वेळी घाट उतरायचाय.